मेंढा (लेखा) गावाचा अभ्यास गट : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात प्रौढशिक्षण म्हटलं की कंदील, पाटी आणि रात्रीचा वर्ग आठवतो. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम झाली, १९७८ च्या गांधी जयंतीला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये साक्षरता मिशन. या सगळ्यांत काय शिकायचं हे शिकवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं दुसरी वाट धरली.

धानोरा तालुक्यातलं हे जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, त्यात गाव उतरलं. आंदोलन ओसरल्यावर बहुतेक ठिकाणी माणसं पांगतात. इथं गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती बोलत बसले. चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल त्यांच्यात येऊन मिळाले, तेही शिकवायला नव्हे, गाव निर्णय कसे घेतं हे समजून घ्यायला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच काळातली.

अभ्यास गट जन्माला आला तो या बोलण्यातून. त्याची रचना साधी आणि माझ्या मते फार चतुर आहे. गटात ज्याला रस असेल तो बसतो. बाहेरचा जाणकार, अधिकारी, कोणीही येऊ शकतो, मनमोकळं बोलू शकतो. पण गट काही ठरवत नाही. ठरवायचं ते ग्रामसभेत, आणि तेही बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. त्यामुळे जाणकाराच्या शब्दाला वजन राहतं, हुकमत राहत नाही. वेळ मात्र बेसुमार जातो. बाहेरच्या कार्यकर्त्यांचा धीर इथं अनेकदा सुटला असेल, यात शंका नाही.

विषय गावातूनच निघत. निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेपुरतं लाकूड, बांबू, चारा जंगलातून घेण्याचा हक्क, नेमका कुठवर जातो? मधमाश्या न मारता मध कसा काढायचा? पोळं जाळून मध काढण्याची जुनी रीत होती. गटानं तो विषय हाती घेतला आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायची पद्धत गावात आली.

सगळ्यात मोठी परीक्षा बांबूची. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हातात आला, पण बांबू बाहेर न्यायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागे. खात्याचं म्हणणं, १९२७ च्या वनकायद्यात बांबू 'झाड' आहे. ग्रामसभेचं म्हणणं, २००६ च्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचं जंगलाचं उत्पन्न आहे, आणि तसं कलम २ मध्ये लिहिलेलंच आहे. शाळेची पायरी फारशी न चढलेली माणसं दोन कायद्यांच्या व्याख्या समोरासमोर ठेवून अधिकाऱ्यांशी बोलत होती. कुठल्या साक्षरता वर्गाच्या पुस्तकात हे कलम असतं? अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

त्यानंतरचं शिकणं रुक्ष होतं, आणि म्हणूनच लोक त्याबद्दल कमी लिहितात. बांबू किती कापायचा, कोंब कुठले राखायचे, व्यापाऱ्याशी भाव कसा ठरवायचा, मजुरी कधी द्यायची, हिशेब कोणी लिहायचा.

२०१३ मध्ये गावानं आणखी पुढचं पाऊल टाकलं : १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचं. त्याची सरकारी अंमलबजावणी मात्र पुढे वर्षानुवर्षं रखडली. दरम्यान जिल्ह्यात हजारावर ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. दावा कसा भरायचा हे त्यांच्यापर्यंत झपाट्यानं पोचलं. अभ्यास गट मात्र तितक्या वेगानं पोचलेला दिसत नाही, कारण त्याचा नमुना अर्ज निघत नाही.