अनसेन (चित्रपट)

अनसेन : स्टीव्हन सोडरबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला व आयफोनवर चित्रित झालेला अमेरिकी मानसशास्त्रीय थरारपट (२०१८). पटकथा जोनाथन बर्नस्टीन व जेम्स ग्रीर यांची, लांबी ९८ मिनिटे. फेब्रुवारी २०१८ मध्ये बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो स्पर्धेबाहेर दाखवला गेला आणि २३ मार्च २०१८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. नाव मुद्दाम घडवलेले आहे. ‘इनसेन’ म्हणजे वेडा. त्यातला उपसर्ग तेवढा बदलला आहे. वेडी नाही, पण शहाणी म्हणून कोणी मानायलाही तयार नाही, अशा नायिकेला ते चपखल बसते.

सॉयर व्हॅलेंटिनी (क्लेअर फॉय) बॉस्टन सोडून पेनसिल्व्हेनियात आली आहे. नवे शहर, बँकेतली नवी नोकरी, ओळखीचे कोणी नाही. मरणासन्न रुग्णांच्या सोबतीला स्वयंसेवक म्हणून जात असताना ती एका म्हाताऱ्याला वाचून दाखवायची. त्याचा मुलगा डेव्हिड स्ट्राइन (जोशुआ लेनर्ड) तिच्यात गुंतला आणि पुढे त्याने तिचा पिच्छाच पुरवला. गाव बदलूनही भीती सुटलेली नाही. ओळख झालेल्या पुरुषाला ती स्वतः घरी आणते आणि जवळीक होताच न्हाणीघरात कडी लावून बसते. शेवटी बोलायला कोणीतरी हवे म्हणून ती हायलँड क्रीक नावाच्या (काल्पनिक) मानसोपचार केंद्रात समुपदेशकाची वेळ घेते.

चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग इथे घडतो, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही. समुपदेशक बाई आपुलकीने ऐकून घेतात. आत्महत्येचे विचार मनात येतात का, असे विचारतात. सॉयर प्रामाणिकपणे सांगते की कधीतरी आले होते. मग पुढच्या भेटींसाठी म्हणून काही फॉर्म तिच्यापुढे येतात आणि आपण सगळे करतो तेच ती करते : न वाचता सही. थोड्या वेळाने तिला आतल्या खोलीत नेतात, पर्स आणि फोन काढून घेतात, कपडे उतरवायला सांगतात. तिने स्वेच्छेने चोवीस तास दाखल होण्याला संमती दिलेली असते. ती पोलिसांना बोलावते. पोलीस येतात, सही बघतात आणि निघून जातात. संतापाच्या भरात एका रुग्णाशी झटापट होते, एका कर्मचाऱ्याला डेव्हिड समजून ती फटका मारते, आणि चोवीस तासांचे आणखी सात दिवस होतात. तिचा प्रत्येक ‘नाही’ आजाराचे लक्षण म्हणून नोंदवला जातो. पिच्छा पुरवणाऱ्यालाही तिचा नकार नकार वाटत नव्हताच. दोन वेगळी संकटे एका कथेत का गुंफली, याचे उत्तर इतके सरळ आहे.

रात्री औषधे वाटायला येणारा वॉर्डबॉय ‘जॉर्ज शॉ’ हाच डेव्हिड आहे, असे सॉयर सांगू लागते. ते खरे की भास, या प्रश्नावर चित्रपट काही काळ प्रेक्षकाला लोंबकळत ठेवतो. वॉर्डमधला नेट हॉफमन (जे फॅरो) तिला व्यवहारातली गोष्ट समजावतो : विमा कंपनी पैसे देते तोवर इथून सुटका नाही, विमा संपला की माणूस आपोआप बरा होतो. नेटकडे लपवलेला फोन आहे, त्यावरून सॉयर आईला (एमी इर्व्हिंग) कळवते. नेट हा रुग्ण नसून या विमा घोटाळ्याच्या मागावर असलेला पत्रकार आहे, हे नंतर उघड होते. जॉर्ज खरोखर डेव्हिड असतो. नेट, आई आणि वॉर्डमधली व्हायोलेट (जुनो टेंपल) या तिघांचाही तो जीव घेतो, आणि अखेर रानात सॉयर त्याला मारते.

घोटाळ्याचा भाग पटकथाकारांच्या कल्पनेतला वाटला, तरी त्याला अमेरिकेत पूर्वेतिहास आहे. १९९४ साली नॅशनल मेडिकल एंटरप्रायझेस या रुग्णालय साखळीने मानसोपचार रुग्णालयांतील गैरव्यवहारांच्या प्रकरणात सुमारे ३८ कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. रुग्ण मिळवून देणाऱ्यांना लाच देणे आणि गरज नसताना रुग्ण ठेवून घेणे असे ते आरोप होते. सहीच्या प्रश्नावर तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९० सालचा निकालच आहे. फ्लॉरिडात एका माणसाने ‘स्वेच्छा प्रवेशा’च्या कागदांवर सह्या केल्या, तेव्हा आपण स्वर्गात आलो आहोत अशी त्याची समजूत होती. त्याला पाच महिने ठेवले गेले. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाची सही घेऊन टाळलेली सुनावणी हा त्याच्या हक्काचा प्रश्न ठरतो आणि तो दाद मागू शकतो, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. सॉयरचे उलट आहे. ती पूर्ण शुद्धीवर आहे, फक्त फॉर्म वाचलेला नाही.

कथा घडते त्या पेनसिल्व्हेनियात १९७६ चा कायदा लागू आहे. त्याच्या ३०२ व्या कलमाखाली, स्वतःला वा इतरांना धोका असलेल्या माणसाला इच्छेविरुद्ध १२० तासांपर्यंत ठेवता येते. पुढे ठेवायचे तर सुनावणी लागते. तिथल्या बोलण्यात ‘थ्री-ओ-टू’ हे क्रियापदच झाले आहे. स्वतःहून दाखल झालेल्यालाही तडक उठून जाता येईलच असे नाही : लेखी सूचना दिल्यावर जास्तीत जास्त ७२ तास थांबावे लागू शकते. सुनावणी, वकील, डॉक्टरांची जबाबदारी या गोष्टी चित्रपटाने सोयीस्करपणे गाळल्या आहेत, आणि कायदा जाणणाऱ्याला ते खटकते.

मराठी वाचकाला आपल्याकडची तुलना सुचेल. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून, म्हणजे चित्रपटानंतर दोनच महिन्यांनी लागू झाला. त्यातही स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णाला ठरावीक कारणांसाठी चोवीस तास थांबवून ठेवण्याची मुभा आहे. इच्छेविरुद्धचा पहिला प्रवेश मात्र कमाल तीस दिवसांचा असून त्यासाठी दोन तज्ज्ञांनी रुग्णाची स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंड संहितेत २०१३ साली आला. अमेरिकेत असा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये केला. आदल्या वर्षी रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा पाठलाग करणाऱ्याने तिच्या दारात खून केला होता.

चित्रीकरण २०१७ मध्ये गुपचूप, जेमतेम दहा दिवसांत उरकले. कॅमेरा म्हणजे आयफोन ७ प्लस. छायालेखक ‘पीटर अँड्र्यूज’ आणि संकलक ‘मेरी ॲन बर्नार्ड’ अशी नावे श्रेयनामावलीत दिसतात. दोन्ही सोडरबर्ग स्वतःच, आईवडिलांची नावे घेऊन. फोनवर चित्रपट करणारे ते पहिले नव्हेत. शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ (२०१५) आधीच आयफोन ५एसवर झाला होता. पण बेकर यांना त्या फोनने लॉस एंजेलिसचे ऊन दिले, तर सोडरबर्ग यांनी त्यातून कोंडी काढली. फोन कुठेही मावतो, म्हणून तो झाडाझुडपांआडून, टेबलाच्या कोपऱ्यावरून सॉयरकडे बघतो. आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतो आहोत, असा संशय पहिल्या काही मिनिटांतच येतो. रुंद लेन्समुळे चेहरे जवळून किंचित ताणलेले दिसतात, ट्यूबलाइटच्या उजेडात कातडी पिवळट पडते. पडद्याची चौकटही नेहमीपेक्षा आखूड आहे, बाजूंना श्वास घ्यायला जागा नाही. चित्र काही ठिकाणी चक्क ओबडधोबड आहे, आणि या कथेला ते शोभते.

मॅट डेमन एका छोट्या प्रसंगात सुरक्षा सल्लागार पोलीस अधिकारी म्हणून येतात. पाठलाग टाळायचा तर काय काय सोडायचे, याची यादी ते निर्विकारपणे सॉयरला वाचून दाखवतात : समाजमाध्यमे, ठरलेले रस्ते, ठरलेल्या वेळा. गुन्हा त्याचा, आणि आयुष्य आखडते तिचे. वॉर्डमध्ये फोन ही चोरून ठेवायची वस्तू, बाहेर फोन हाच पाठलागाचा माग, आणि हे सारे टिपणारा कॅमेराही फोनच. हा तिढा कोणी बोलून दाखवत नाही, तेच बरे.

फॉय तेव्हा ब्रिटिश राणीच्या दूरचित्रवाणीवरील भूमिकेमुळे जगभर माहीत होत्या. इथे त्यांनी सॉयरला मुळीच गोड केलेले नाही : ती तोंडाळ आहे, फटकळ आहे, बँकेच्या ग्राहकाला फोनवर तोडून बोलते. चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यामुळे ठसते. लेनर्ड यांचा डेव्हिड मवाळ, चष्मिष्ट, जवळजवळ केविलवाणा आहे. कमी खर्चाच्या, हातातल्या कॅमेऱ्याच्या भयपटाचा अनुभव त्यांना नवा नव्हता. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) मधल्या तिघांपैकी ते एक.

चित्रपटाला १५ लाख डॉलर खर्च आला आणि जगभरात सुमारे १.४ कोटी डॉलर मिळाले. समीक्षकांनी फॉय यांची वाहवा केली, उत्तरार्धाबद्दल मात्र मतभेद राहिले. पहिल्या तासात कागद, कुलूप आणि हसतमुख कर्मचारी यांतून जी भीती साठते, ती डेव्हिड खरा ठरल्यावर नेहमीच्या खुनी-पाठलागपटात विरघळते. प्रशासनाचा गुन्हा मागे पडतो, कारण आता दोष द्यायला एक माथेफिरू हाती लागलेला असतो. वॉर्डमधल्या इतर रुग्णांकडेही पटकथेला फारसे बघायचे नाही. व्हायोलेट दहशत घालते, नंतर कथेच्या सोयीसाठी मरते.

शेवटचा प्रसंग काही महिन्यांनंतरचा. उपाहारगृहात बसलेल्या सॉयरला पलीकडच्या टेबलावर डेव्हिड दिसतो. ती सुरी उचलून त्याच्या पाठीमागे जाते. तो वळतो, माणूस भलताच असतो. ती सुरी टाकून रस्त्यावर धावत सुटते, आणि तिच्या चेहऱ्यावर चित्र गोठते.