पार्श्वभूमी : हात नसलेला तारामासा कोणत्या वर्गात?

कोकणात ट्रॉलरच्या जाळ्यात टाकाऊ मासळीबरोबर येणारे तारामासे उथळ पाण्यातले. खोल समुद्रातल्यांची ओळख 19 व्या शतकात झाली. 'चॅलेंजर' या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या 1872-76 च्या सफरीवरचा तारामाशांचा अहवाल 1889 मध्ये आला. आपल्या समुद्रातलं काम 'इन्व्हेस्टिगेटर'चं. हे सर्वेक्षण जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेलं. त्यानं तळातून काढलेल्या तारामाशांचा वृत्तान्त 1893 मध्ये छापला गेला. पुढे 1933-34 मध्ये 'मबाहिस' या इजिप्तच्या संशोधन जहाजानं अरबी समुद्र पुन्हा धुंडाळला.

खरा वाद पेटला तो 1986 मध्ये. न्यूझीलंडजवळ हजार मीटरांहून खोल बुडालेल्या लाकडावर काही चपट्या चकत्या सापडल्या. एक सेंटीमीटरही रुंदी नाही, हात नाहीत, कडेनं काट्यांची झालर. तारामाशाचे नालपाद, म्हणजे नळीसारखे इवलाले पाय, प्रत्येक हाताखाली रांगेनं असतात. इथे ते चकतीच्या काठाशी एका वर्तुळात. पाणी खेळवणाऱ्या वलयनलिकाही एकाऐवजी दोन. जठराचा पत्ता नाही. संशोधकांनी याला 'झायलोप्लॅक्स' म्हटलं आणि थेट नवा वर्गच जाहीर केला. कंटकचर्मी (तारामासे, समुद्री साळू वगैरे काटेरी कातडीच्या) प्राण्यांचे आजचे पाच वर्ग, त्यात हा सहावा.

ही घाई होती असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्याशा प्राण्याची रचना लहानपणीच थबकलेल्या तारामाशासारखी असू शकते, हा आक्षेप लगेच आला होता. 1988 मध्ये बहामाजवळ दुसरी जाती मिळाली, तिला जठर होतं. म्हणजे जठर नसणं ही वर्गाची खूण उरली नाही. 2006 मध्ये ईशान्य प्रशांत महासागरातून तिसरी आली. 2011 च्या जनुकीय अभ्यासानं झायलोप्लॅक्सला तारामाशांच्याच वंशवृक्षात, पिल्लं अंगावर सांभाळणाऱ्या टेरॅस्टर कुलाशेजारी बसवलं. तरीही सहा वर्गांचा उल्लेख अधूनमधून भेटतोच.

चिखल गिळणारी पोर्सेलानॅस्टर मंडळी, डझनभर हात वर उभारून वाहत्या पाण्यातलं अन्न टिपणारे ब्रिसिंगा यांच्या वर्गीकरणातही फेरफार झाले, पण त्यांच्या तारामासा असण्यावर एवढा काथ्याकूट झाला नाही.

झायलोप्लॅक्सचं घर म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी पाडलेली भोकं. सावित्री, वाशिष्ठीच्या पुरात दर पावसाळ्यात ओंडके समुद्राला मिळतात. कोकणासमोरचा उथळ पट्टा ओलांडून उतारावर बुडालेली लाकडं मुद्दाम वर काढून तपासायला हवीत. नुसतं जाळं ओढून हा प्राणी हाती लागायचा नाही.