बँडविड्थचं बिल: वेगाचं की जीबीचं?

होस्टिंगच्या जाहिरातीत ‘महिना १ टीबी बँडविड्थ’ असं छापलेलं असतं. ती खरं तर बँडविड्थ नव्हेच. बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती बिट जाऊ शकतात तो वेग, एमबीपीएसमध्ये (सेकंदाला दहा लाख बिट) मोजलेला. महिनाभरात एकूण किती माल गेला तो डेटा ट्रान्सफर, जीबी-टीबीत. १ एमबीपीएसची लाइन ३० दिवस सलग भरून वाहिली, तर ३२४ जीबी होतात.

क्लाउड कंपन्या, म्हणजे आपले सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने देणाऱ्या, बहुतेक करून जीबी मोजतात. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमधून (रीजन म्हणजे एका भागातल्या डेटासेंटरांचा समूह) इंटरनेटवर जाणाऱ्या डेटाला पहिल्या टप्प्यात जीबीमागे साधारण ११ सेंट पडतात, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ९. महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, आणि आत येणाऱ्या डेटाला पैसेच नाहीत.

डेटासेंटरमध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्यांना मात्र अनेकदा ९५व्या पर्सेंटाइलने बिल येतं. सीईटीमुळे हा शब्द घरोघरी पोचलाय, इथे तो जरा उलटा कामाला येतो. दर ५ मिनिटांचा सरासरी वेग नोंदवायचा. ३० दिवसांत ८,६४० नोंदी होतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या ५ टक्के, म्हणजे ४३२, सोडून द्यायच्या. उरलेल्यांत जी सर्वांत मोठी, तोच महिन्याचा वेग. ४३२ नोंदी म्हणजे चक्क ३६ तास!

समजा, दहावीचे निकाल दाखवणारी एक साइट आहे. एरवी ५ एमबीपीएस, निकालाच्या दिवशी ६ तास २०० एमबीपीएस. पर्सेंटाइलच्या हिशेबात ते ६ तास गळून जातात आणि बिल ५ एमबीपीएसचंच लागतं (किमान वेगाचा करार त्याहून मोठा नसेल तर). जीबीच्या हिशेबात त्याच ६ तासांचे ५४० जीबी मोजले जातात. पण हीच गर्दी ३७ तास टिकली, तर पर्सेंटाइलवाला अख्ख्या महिन्याचं बिल २०० एमबीपीएसने लावतो. जीबीवाला फक्त गेलेले जीबी मोजतो. उलट दिवसरात्र एकसारखा व्हिडिओ पाठवणाऱ्याचा प्रत्येक जीबी मोजला जातो, म्हणून त्याला क्लाउडचा दर परवडत नाही.

जीबीच्या बिलात एक छुपी ओळ असते. अ‍ॅमेझॉनवर एकाच रीजनमधल्या दोन झोनमध्ये (म्हणजे डेटासेंटरांच्या वेगवेगळ्या गटांमध्ये) डेटा फिरला, तरी सहसा जीबीमागे दोन्ही बाजूंनी १-१ सेंट लागतो. ग्राहक वाढलेले नसताना बिल फुगलं, तर मी आधी ती ओळ बघेन.