इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप आणि त्यांचा टोन
इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेली कॉइल असते, तिला पिकअप म्हणतात. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, कॉइलमधे सिग्नल तयार होतो आणि तोच अँपला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) जातो. नायलॉनची तार लावली तर हा पिकअप ढिम्म.

सिंगल कॉइल म्हणजे नावाप्रमाणे एकच कॉइल. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर आणि १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या गिटारांमुळे हा टोन घराघरात पोचला. आवाज चमकदार, मोकळा, पिक (तार छेडायची चकती) तारेवर बसल्याचा टक्क आवाजही ऐकू येतो आणि कॉर्ड (अनेक सूर एकत्र) वाजवली तरी तारा एकमेकींत मिसळत नाहीत. त्रास एकच, गुणगुण. आजूबाजूच्या वायरिंगमधली ५० किंवा ६० हर्ट्झची वीज कॉइल उचलते, आणि अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की तीही वाढते.

त्यावर उपाय म्हणून गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने हमबकर हा पिकअप काढला, १९५५ मधे पेटंटचा अर्ज केला आणि १९५७ पासून तो गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर बसायला लागला. शेजारी शेजारी दोन कॉइल, दोघींचे वेढे उलटे आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे, त्यामुळे तारेचा सिग्नल जमा होतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकीला खाऊन टाकते. टोन जाड आणि मऊ होतो, कारण दोन कॉइल सिरीजमधे (एकीपुढे एक जोडून) आल्या की इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा विरोध) वाढतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच गळायला लागतात, शिवाय पिकअप तारेला एका जागी न ऐकता दोन जागी ऐकतो, म्हणून सगळ्यात वरचे काही हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर) आपसातच कमी होतात. पी-९० (१९४६) हा मधला गडी: सिंगल कॉइलच, पण रुंद आणि चपटी, मिडरेंज (मधल्या फ्रिक्वेन्सी) भरपूर, जरा गुरगुरणारा, आणि गुणगुण मात्र तशीच.

आता तुलना. इथेच बहुतेक लोक गंडतात, कारण एका गिटारचा नेक पिकअप (मानेजवळचा) आणि दुसरीचा ब्रिज पिकअप (तारा जिथे अंगावर टेकतात त्या पट्टीजवळचा) ऐकून "हमबकर डल वाटतो" म्हणायचं याला काही अर्थ नाही, ब्रिजजवळ तार कमी हलते म्हणून तिथला कुठलाही पिकअप तिखट लागतो आणि नेकजवळचा गोल. जागेचा फरक कधीकधी प्रकाराच्या फरकापेक्षा मोठा असतो. दुसरी गोची आवाजाची पातळी: हमबकरचं आउटपुट सहसा जास्त, आणि जो मोठा वाजतो तोच कानाला भारी वाटतो, म्हणून आधी व्हॉल्यूम सारखा करून घ्यावा. पॉटही (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे रेझिस्टर) बघावेत. सिंगल कॉइलला सहसा २५० के (किलोओम) आणि हमबकरला ५०० के लावतात, आणि ५०० के वाला पॉट सिंगल कॉइलला लावला तर तोच पिकअप आणखी टोकदार ऐकू येतो. पिकअप तारांच्या फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो, सस्टेन (सूर टिकण्याचा वेळ) घटतो आणि जाड तारा वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) बेसूर होतात, यात पिकअपच्या प्रकाराचा काही दोष नसतो.

क्लीन (आवाज न फाटणाऱ्या) अँपवर हे फरक लगेच कळतात. जोरदार डिस्टॉर्शनमधे (मुद्दाम फाडलेल्या आवाजात) बरेच झाकले जातात, फक्त थांबल्यावर सिंगल कॉइल गुणगुणत राहते. कॉइल स्प्लिट स्विचने हमबकरची एक कॉइल बंद करता येते, आवाज पातळ आणि लहान होतो, पण स्ट्रॅटसारखा हुबेहूब लागत नाही, कारण त्या एका कॉइलची बांधणी आणि चुंबकाची रचना दोन्ही वेगळी असते.