आलेख कोरा का? क्लाउड नोटबुकमध्ये मॉडेलचा लॉग वाचताना

मशीन लर्निंगचं मॉडेल शिकत असताना बाहेरून काहीच दिसत नाही. तास उलटत राहतात, आणि आत काय चाललंय हे कळायला एकच वाट असते: प्रोग्रामने अधूनमधून लिहून ठेवलेले आकडे. किती पायऱ्या झाल्या, उत्तर किती चुकतंय (या मापाला लॉस म्हणतात), पडताळणीसाठी बाजूला ठेवलेल्या डेटावर अचूकता किती आली. या नोंदी म्हणजे लॉग. सगळं आपल्याच संगणकावर चालत असेल तर तो वाचणं सोपं असतं, कारण प्रोग्राम, फाइल आणि पडदा एकाच यंत्रात असतात. गूगल कोलॅब, कॅगल, सेजमेकर किंवा दूरच्या सर्व्हरवरचं ज्युपिटर अशा, ब्राउझरात कोड लिहून चालवायच्या नोटबुक वापरताना मॉडेल भलत्याच यंत्रावर चालतं आणि आपल्या हातात फक्त ब्राउझरची खिडकी असते.

या दोहोंच्या मध्ये आकड्याला पाच मुक्काम करावे लागतात. तो आधी प्रोग्रामच्या मेमरीतल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) थांबतो, मग डिस्कवरच्या फाइलमध्ये उतरतो, तिथून टेन्सरबोर्डसारखा वाचक प्रोग्राम त्याला उचलतो, प्रॉक्सी (मधला दूत प्रोग्राम) त्याला इंटरनेटवरून पुढे पाठवतो आणि शेवटी ब्राउझर त्याचा आलेख काढतो. आलेख कोरा दिसला की पुष्कळ जण मॉडेलच्या कोडमध्ये चूक शोधायला लागतात. बहुतेक वेळा मॉडेल ठणठणीत असतं आणि आकडा यांपैकी एखाद्या मुक्कामावर अडकलेला असतो. कुठे, ते ओळखता आलं की दुरुस्ती दोन मिनिटांची असते.

साध्या ओळी छापताना

सुरुवात सगळेच पायथॉनच्या प्रिंट या आज्ञेने करतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र नोटबुकच्या सेलखाली (कोडच्या एका कप्प्याखाली) दिसणारा मजकूर कुठे साठतो, हे माहीत हवं. ज्युपिटरच्या नेहमीच्या रचनेत कोड चालवतो तो कर्नल. छापलेल्या ओळी तो ब्राउझरकडे पाठवतो आणि ब्राउझर त्या नोटबुकच्या फाइलमध्ये जतन करतो. टॅब बंद झाली तरी कर्नल चालूच राहतो, पण ओळी झेलायला कुणी नसतं. रात्रभर चाललेल्या ट्रेनिंगचे आकडे सकाळी सापडत नाहीत, ते यामुळे. म्हणून काही मिनिटांपेक्षा लांब चालणाऱ्या कामाचा लॉग फाइलमध्ये जायलाच हवा. सेलखालचा मजकूर ही फक्त सोय समजावी.

भरमसाट छापण्यालाही मर्यादा आहेत. कोलॅब लांबलेला मजकूर कापून शेवटच्या ५००० ओळीच ठेवतो. ज्युपिटरच्या सर्व्हरमध्ये मूळ सेटिंगनुसार सेकंदाला १० लाख बाइट किंवा १००० संदेश यांहून जास्त मजकूर आला, तर तो मजकूर पाठवणं तात्पुरतं थांबवतो आणि तसा इशारा दाखवतो. प्रत्येक बॅचला (डेटाच्या एकेका गठ्ठ्याला) एक ओळ छापणारा कोड या मर्यादांवर हमखास आदळतो. केरास या मॉडेल शिकवण्याच्या लायब्ररीत व्हर्बोज २ दिलं की दर इपॉकला (सगळ्या डेटाच्या एका फेरीला) एकच ओळ येते. टीक्यूडीएमची प्रगतिपट्टी वापरत असाल तर तिची नोटबुकसाठीची आवृत्ती किंवा 'ऑटो' आवृत्ती घ्यावी. साधी पट्टी ओळीच्या सुरुवातीला परत जाऊन तीच ओळ पुन्हा लिहीत असते. हा मजकूर फाइलमध्ये वळवला तर हजारो तुकड्यांची एकच अजस्र ओळ तयार होते. तिथे मिनइंटरव्हल (पट्टी किमान किती वेळाने ताजी व्हावी) ३० सेकंद ठेवलं की फाइल वाचण्याजोगी राहते.

पायथॉनचं लॉगिंग मॉड्यूल प्रिंटपेक्षा कितीतरी चांगलं, कारण ते वेळ आणि पातळी आपोआप लिहितं. कोलॅबमध्ये मात्र ते एका ठिकाणी हमखास फसवतं. बेसिककॉन्फिग लिहून पातळी इन्फो केली, तरी इन्फोच्या ओळी दिसतच नाहीत. कारण कोलॅबने मूळ लॉगरला आधीच हँडलर (ओळी कुठे पाठवायच्या ते बघणारा भाग) जोडलेला असतो, आणि हँडलर असेल तर बेसिककॉन्फिग काहीही न बोलता परत फिरतं. पातळी मूळच्या वॉर्निंगवरच राहते. बेसिककॉन्फिगला फोर्स हा पर्याय ट्रू करून द्यायचा, म्हणजे जुने हँडलर काढून नवे बसतात. पायथॉन ३.८ पासून ही सोय आहे.

ट्रेनिंगची स्क्रिप्ट पार्श्वभूमीत सोडून तिचा मजकूर फाइलमध्ये वळवला की आणखी एक कोडं पडतं: फाइल बराच वेळ रिकामीच. पायथॉनला समोर टर्मिनल दिसलं तर तो ओळ पूर्ण होताच ती पाठवतो. फाइल दिसली तर काही हजार बाइट साठेपर्यंत थांबतो. स्क्रिप्ट चालवताना पायथॉनला 'उणे यू' हा पर्याय द्यावा किंवा प्रिंटमध्येच फ्लश (साठलेलं लगेच उतरवणं) ट्रू करावं. हे केलं नाही आणि प्रोग्राम मध्येच मारला गेला, तर बफरमधल्या शेवटच्या ओळी जातात, आणि नेमक्या त्याच ओळी कामाच्या असतात.

टेन्सरबोर्ड: आधी फाइल, मग आलेख

आकडे शेकड्यांनी वाढले की ओळी वाचून काही कळत नाही. वळण दिसायला आलेख लागतो. टेन्सरबोर्ड नोव्हेंबर २०१५ मध्ये टेन्सरफ्लो या मॉडेल शिकवण्याच्या लायब्ररीसोबत आला आणि आज पायटॉर्च ही दुसरी लायब्ररी वापरणारेही तो सर्रास वापरतात. त्याची रचना साधी आहे आणि ती समजून घेणं फार मोलाचं आहे. ट्रेनिंगचा प्रोग्राम एका फोल्डरात 'इव्हेंट्स.आउट.टीएफइव्हेंट्स' अशा नावाने सुरू होणारी फाइल तयार करतो आणि तिच्या शेवटी नोंदी जोडत जातो. प्रत्येक नोंदीत पायरीचा क्रमांक, घड्याळाची वेळ, आकड्याचं नाव आणि किंमत असते. सोबत तपासणीची बेरीजही असते, म्हणजे अर्धवट लिहिलेली नोंद ओळखता येते. टेन्सरबोर्ड हा वेगळाच प्रोग्राम आहे. तो ट्रेनिंगशी बोलत नाही, फक्त हा फोल्डर वाचतो.

नोटबुकमध्ये तो उघडायला दोन ओळी पुरतात. पहिलीत टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'लोड_एक्स्ट', मग टेन्सरबोर्डचं नाव. दुसरीत टक्क्याच्या चिन्हाला जोडून टेन्सरबोर्ड, पुढे दोन आडव्या रेघा आणि 'लॉगडिर', मग फोल्डरचं नाव. क्रम मात्र उलटा ठेवायचा: आधी टेन्सरबोर्ड, नंतर ट्रेनिंग. कर्नल एका वेळी एकच सेल चालवतो. ट्रेनिंग सुरू झाल्यावर टेन्सरबोर्डची सेल चालवली तर ती रांगेत बसते आणि तिचा नंबर ट्रेनिंग संपल्यावर लागतो. आधी सुरू केलेला टेन्सरबोर्ड स्वतंत्र प्रोसेस म्हणून मागे चालत राहतो. त्या क्षणी फोल्डर रिकामा असला तरी चालतं.

आता उशीर कुठे कुठे होतो ते पाहा. पायटॉर्चचा समरीरायटर (इव्हेंट फाइल लिहिणारा भाग, थोडक्यात रायटर) दहा नोंदींची रांग मेमरीत ठेवतो आणि मूळ सेटिंगनुसार दर १२० सेकंदांनी फाइलमध्ये उतरवतो. टेन्सरबोर्डचा सर्व्हर साधारण दर ५ सेकंदांनी फोल्डर पुन्हा वाचतो. ब्राउझरमधलं पान मात्र आपण सेटिंग्जमध्ये 'रिलोड डेटा' चालू करेपर्यंत आपणहून ताजं होईलच असं नाही. चालू केल्यावर ते मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांनी होतं. त्यामुळे एक-दीड मिनिटाच्या चाचणीत कोरा आलेख दिसणं अगदी स्वाभाविक आहे. चाचणीपुरती फ्लशची मुदत १० सेकंदांवर आणावी, आणि ट्रेनिंग संपताना रायटर बंद करणारी ओळ विसरू नये.

एवढं करूनही 'सध्याच्या डेटासाठी एकही डॅशबोर्ड नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर ब्राउझर सोडून थेट फाइलकडे जावं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! लॉगच्या फोल्डराची आतल्या फोल्डरांसकट यादी काढा. इव्हेंट फाइलच नसेल तर रायटर भलत्या जागी लिहितोय. पायटॉर्चला फोल्डर सांगितला नाही तर तो 'रन्स' नावाचा फोल्डर स्वतःच करतो, आणि आपण टेन्सरबोर्डला 'लॉग्ज' दाखवत बसतो. स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरातून चालवली की सापेक्ष पत्ताही बदलतो. पूर्ण पत्ता दिला की हा घोळच उरत नाही. फाइल आहे पण तिचा आकार वाढत नाही, तर दोष बफरचा. आकार वाढतोय तरी शंका असेल, तर टेन्सरबोर्डला 'इन्स्पेक्ट' पर्याय देऊन चालवावं. सर्व्हर न उघडता तो फाइलमध्ये काय काय आहे याचा गोषवारा छापतो.

फाइल भरलेली असूनही सेलखाली फक्त ४०३ ही चूक दिसते, तेव्हा दोष आपल्या ब्राउझरात असण्याची शक्यता मोठी. कोलॅबमधला टेन्सरबोर्ड वेगळ्या पत्त्यावरून एका चौकटीत येतो आणि ओळख पटवायला त्याला कुकी लागते. ब्राउझर त्रयस्थ संकेतस्थळांच्या कुकी अडवत असेल, किंवा खासगी खिडकी उघडली असेल, तर चौकट रिकामी राहते. तेवढ्या संकेतस्थळापुरती परवानगी दिली की काम होतं.

दुसरा नेहमीचा अनुभव म्हणजे 'पोर्ट ६००६ वरचा टेन्सरबोर्ड पुन्हा वापरतोय' हा संदेश. पोर्ट म्हणजे यंत्रावरचा क्रमांकाचा दरवाजा; टेन्सरबोर्डचं मूळ पोर्ट ६००६. तीच आज्ञा पुन्हा दिली तर तो नवा सर्व्हर न उघडता जुनाच दाखवतो आणि त्याचा प्रोसेस क्रमांक सांगतो. नवा हवा असेल तर तो क्रमांक देऊन किल करावं. कधीकधी जुनी प्रोसेस मेलेली असते, पण तिची चिठ्ठी टीएमपी फोल्डरातल्या '.टेन्सरबोर्ड-इन्फो' या लपलेल्या फोल्डरात शिल्लक असते. मग नोटबुक मेलेल्या सर्व्हरलाच जोडायला बघत राहतं. तो फोल्डर पुसून आज्ञा पुन्हा द्यायची.

संस्थेच्या ज्युपिटरहबवर (अनेकांसाठी सामायिक ज्युपिटरवर) किंवा सेजमेकरवर चौकटीत काहीच येत नाही, कारण तिथला टेन्सरबोर्ड 'लोकलहोस्ट' म्हणतो ते त्या दूरच्या यंत्राला, आणि आपला ब्राउझर ते नाव आपल्याच संगणकावर शोधतो. ज्युपिटर-सर्व्हर-प्रॉक्सी बसवलेलं असेल तर नोटबुकच्या मूळ पत्त्यापुढे 'प्रॉक्सी', मग ६००६ आणि शेवटी तिरपी रेघ द्यावी. ती शेवटची रेघ अनेक जण गाळतात आणि पान अर्धवट येतं. एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) शिरता येत असेल तर पोर्ट ६००६ आपल्या संगणकाकडे वळवणं सर्वांत भरवशाचं. सर्व्हर सगळ्या जगाला उघडा करणारा 'बाइंड ऑल' पर्याय सार्वजनिक पत्ता असलेल्या यंत्रावर वापरू नये. टेन्सरबोर्डला स्वतःचा पासवर्ड नसतो.

दिसतंय ते खरं वाचणं

आलेख आला म्हणजे सगळं आलं असं नाही. टेन्सरबोर्ड वळण गुळगुळीत करून दाखवतो. पट्टीवरचा मूळ आकडा ०.६ असतो. ठळक रेघ ही सरासरी, मूळ आकडे मागच्या फिकट रेघेत. शिवाय टोकाचे आकडे मापातून वगळण्याची खूण मुळात चालू असते. लॉसने एखाद्या पायरीला आभाळ गाठलं, तर नेमकं तेच चौकटीबाहेर जातं. ट्रेनिंग बिघडल्याची शंका आली की गुळगुळीतपणा शून्यावर आणून ती खूण काढावी. चित्र पार बदलू शकतं.

नोंदींचं नमुनाकरणही लक्षात ठेवण्याजोगं आहे. मेमरी वाचवण्यासाठी टेन्सरबोर्ड प्रत्येक नावाचे साधारण १००० आकडे आणि फक्त १० चित्रं ठेवतो, बाकी यादृच्छिक पद्धतीने गाळतो. ५० इपॉकची ५० चित्रं लिहिली आणि १० दिसली, तर ती हरवलेली नाहीत, फाइलमध्ये आहेत. 'सॅम्पल्स पर प्लगइन' या पर्यायात चित्रांसाठी शून्य दिलं की सगळी दिसतात.

प्रत्येक प्रयोगाला वेगळा फोल्डर हा नियम मोडू नये. दोन प्रयोग एकाच फोल्डरात लिहू लागले की रेघ मागेपुढे उड्या मारते, आणि मूळ सेटिंगमध्ये टेन्सरबोर्ड त्यातल्या सगळ्यात नव्या फाइलकडेच लक्ष ठेवतो. नावात तारीख, वेळ आणि लर्निंग रेट (मॉडेल दर पायरीला किती बदलतं तो आकडा) घातला की महिन्याभरानेही ओळख पटते.

किती वेळा लिहावं? दर पायरीला नको. जीपीयूवरची (गणितं जलद करणाऱ्या चिपवरची) गणितं पायथॉनला न थांबवता पुढे चालतात. लॉसचा आकडा मागितला की पायथॉनला ते गणित पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. दर ५० पायऱ्यांनी लिहिलं तरी वळण स्पष्ट दिसतं आणि वेगही टिकतो.

उरला प्रश्न टिकवण्याचा. कोलॅबचं फुकट यंत्र जास्तीत जास्त १२ तास मिळतं, वापर थांबला तर त्याआधीच जातं, आणि त्याची डिस्क पुसली जाते. लॉग थेट गूगल ड्राइव्हच्या जोडलेल्या फोल्डरात लिहिता येतो, पण तिथे फाइल आधी यंत्रावरच साठते आणि वर नंतर चढते, म्हणून दुसऱ्या संगणकावर ती उशिरा दिसते. यंत्राच्या डिस्कवर लिहून दर इपॉकला ड्राइव्हमध्ये प्रत टाकणं जास्त सुरक्षित. कॅगलवर वर्किंग फोल्डरात लिहिलेलं, आवृत्ती जतन केली की तिच्यासोबत राहतं. आलेख फुकट चढवून दुवा वाटण्याची टेन्सरबोर्ड.डेव्ह ही सेवा २०२३ अखेर बंद झाली; जुन्या लेखांतला तो उपाय आता चालत नाही.

यंत्र मध्येच गेलं तर चेकपॉइंटमध्ये (मॉडेलच्या मध्येच जतन केलेल्या प्रतीत) वजनांसोबत, म्हणजे शिकलेल्या आकड्यांसोबत, पायरीचा क्रमांकही असायला हवा, नाहीतर नवी रेघ पुन्हा शून्यापासून सुरू होते. समजा चेकपॉइंट ८००० व्या पायरीचा आहे आणि काम ८६०० ला तुटलं. त्याच फोल्डरात रायटर पुन्हा उघडताना 'पर्ज स्टेप' ८००० द्यायचं. जुन्या फाइलमधल्या ८००० पासून पुढच्या नोंदी टेन्सरबोर्ड लपवतो आणि रेघ अखंड पुढे जाते.