रिटर्न लॉस (ऑप्टिकल फायबर)

कनेक्टर, स्प्लाइस (दोन फायबरांचा कायमचा सांधा), कपलर (प्रकाश शाखांत वाटणारा घटक) अशा घटकाकडे पाठवलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश उगमाकडे परत येतो, हे सांगणारे माप. ते डेसिबलमध्ये देतात. नावात ‘लॉस’ असला तरी इथे आकडा जितका मोठा तितके चांगले. हीच गोष्ट ‘रिफ्लेक्टन्स’ म्हणून लिहिली की आकडा ऋण होतो : ५० डेसिबल रिटर्न लॉस म्हणजे उणे ५० डेसिबल रिफ्लेक्टन्स. या चिन्हापायी अहवालांत नेहमी घोळ होतात.

परावर्तनाचे मूळ अपवर्तनांकातील बदलात आहे. काचेचा अपवर्तनांक १.४७ आणि हवेचा १ धरला, तर सरळ कापलेल्या टोकाशी सुमारे ३.६ टक्के प्रकाश मागे फिरतो. रिटर्न लॉस जेमतेम १४.४ डेसिबल. म्हणून कनेक्टरचे फेरूल (फायबरचे टोक धरणारी नळी) किंचित घुमटाकार घासतात, म्हणजे दोन्ही काचा टेकतात आणि मध्ये हवा उरत नाही. निळ्या यूपीसी (अल्ट्रा फिजिकल कॉन्टॅक्ट) कनेक्टरला अशा रीतीने ५० डेसिबलच्या आसपास मजल मारता येते, म्हणजे एक लक्षांश प्रकाश परततो. हिरव्या एपीसीचे (अँगल्ड फिजिकल कॉन्टॅक्ट) टोक ८ अंश तिरके असते. परावर्तित प्रकाश त्यामुळे गाभ्यातून निसटून क्लॅडिंगमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या काचेच्या थरात, विरतो आणि ६० डेसिबल गाठता येतात. यूपीसी उघडा ठेवला की आकडा धाडकन १४ वर येतो. एपीसी उघडाही बराच तग धरतो.

परतलेला प्रकाश लेसरच्या पोकळीत शिरला तर त्याची तीव्रता आणि तरंगलांबी डळमळते. अॅनालॉग केबल टीव्हीच्या जोडण्यांत हे विशेष जाचते. एपीसीचा आग्रह तिथे धरतात तो म्हणूनच.

मापनाची सरळ पद्धत सलग प्रकाशाची : लेसर स्रोत, कपलर आणि परतीच्या शाखेवर पॉवर मीटर. आधी ज्ञात परावर्तन जोडून मीटर जुळवून घेतात. खरी अडचण असते ती बाकीची परावर्तने गप्प करण्याची. तपासायच्या जोडणीपलीकडचे उघडे टोकच १४ डेसिबलचे असते आणि त्यापुढे ५० डेसिबलची जोडणी दिसतच नाही. उपाय साधा आहे : जोडणीच्या पुढचा फायबर पेन्सिलीएवढ्या दांड्याभोवती गुंडाळायचा. वेढा पडत जातो तसा प्रकाश वाकणातून गळतो आणि पडद्यावरचा आकडा चढत जातो. तो चढायचा थांबला की उरते ते जोडणीचे परावर्तन. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला १५५० पेक्षा जास्त वेढे लागतात. वाकण सोसणारा जी.६५७ फायबर मात्र सहजी दाद देत नाही. मग टोकाला अपवर्तनांक जुळवणारे जेल लावतात.

ही पद्धत एकूण परतीचा प्रकाश मोजते, तो कुठून आला हे सांगत नाही. त्यासाठी ओटीडीआर (ऑप्टिकल टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर). बार्नोस्की आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या या तंत्रात स्पंद सोडून परत येणाऱ्या प्रकाशाची वेळ पाहतात. फायबरमध्ये प्रकाश नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जातो, म्हणून १० नॅनोसेकंदांच्या स्पंदाला एक मीटरच्या आतल्या दोन जोडण्या वेगळ्या दिसत नाहीत. मोठ्या परावर्तनानंतर डिटेक्टर काही काळ दिपून जातो, तो ‘डेड झोन’. शिवाय फायबरचे स्वतःचे रॅले विकिरण (काचेतच विखुरून थोडा प्रकाश मागे येणे) असते, मीटरभर लांबीला ढोबळमानाने ७० डेसिबल. चांगला एपीसी मोजताना फायबर आखूड ठेवतात तो यामुळे.

आकडा अचानक बिघडला तर यंत्राला दोष देण्याआधी टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरावे. बहुतेक वेळा गाभ्यावर धूळ सापडते.