फडकं लाल का व्हायचं: रबिंग-पॉलिशची मागची गोष्ट

आमच्याकडे जळगावला लाल मारुती ८०० होती. दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी अण्णा अंगणात बसून जुन्या बनियनच्या फडक्याने तिला कंपाउंड, म्हणजे रंग घासायची खरखरीत पेस्ट, मारायचे आणि पाच मिनिटात फडकं लालभडक व्हायचं. आम्ही पोरं समजायचो मळ निघतोय. मळ कसला, तो गाडीचा रंगच होता. आता माझा भाचा त्याच्या ग्रे मेटॅलिक गाडीला घरीच हाताने पॉलिश करायला निघालाय, पहिलीच वेळ, आणि विचारतो मामा कंपाउंड कोणतं आणू. म्हटलं आधी मागची गोष्ट ऐक, मग डबा उघड.

सुरवातीच्या मोटारी घोड्याच्या बग्गीसारख्याच रंगवायचे. जवसाच्या तेलातला रंग आणि वार्निश, ब्रशने, एक थर वाळला की घासायचा मग दुसरा, असं करत एका गाडीला आठवडेच्या आठवडे जायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची. ही कोंडी फोडली ती ड्युपाँट कंपनीच्या ड्युको नावाच्या लॅकरने, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाने, जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड मॉडेलला तो निळ्या रंगात वापरला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं.

आता आपल्या खान्देशातल्या माणसाने इथे थोडं थांबायला पाहिजे, कारण हा ड्युको नायट्रोसेल्युलोजचा, आणि नायट्रोसेल्युलोज बनतं कापसापासून! जिनिंगमधून सरकी निघते ना, तिच्यावर जी बारीक लव चिकटून राहते तशा कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करायची. बंदुकीची बिनधुराची दारूही याच मार्गाने बनायची आणि ड्युपाँटचा मूळ धंदा बंदुकीच्या दारूचाच. म्हणजे जो कापूस आपण पिढ्यानपिढ्या ट्रॅक्टर भरून जिनिंगला नेतो तसाच कापूस एकेकाळी मोटारींच्या अंगावर रंग होऊन बसला होता, मला तर हे वाचलं तेव्हा फार भारी वाटलं. ड्युको हे नाव अजून आपल्या फर्निचरवाल्यांच्या तोंडी आहे बघा.

पण हा लॅकर वाळला की मंद दिसायचा, चमक आपोआप यायची नाही, ती कंपाउंडने घासून काढावी लागायची. रबिंगची सवय इथूनच पक्की झाली. त्याच काळात दोन रंगी गाड्यांची फॅशन आली, पेंटर रंगाची कडा झाकायला कागद चिकटवायचे आणि तो काढताना ताजा रंगही सोबत निघायचा, त्यावर थ्री एमच्या रिचर्ड ड्र्यूने १९२५ मध्ये मास्किंग टेप काढला. आज पॉलिश करताना आपण गाडीच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या झाकायला लावतो तोच.

घासून झाल्यावर वरून वॅक्स लावतात, त्याचं कारण वेगळं. कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या कोरड्या भागातल्या एका ताडाच्या पानांवर येतं, उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडच तो थर धरतं. जुन्या रंगाचं दुखणंही ऊनच होतं. रंगद्रव्य थेट वरच्या थरात, उन्हाने तो थर मरायचा आणि खडूसारखा पांढुरका पडायचा. अण्णा जे घासायचे ते हे मेलेलं कातडं, खालून ताजा लाल निघायचा, आणि त्या रंगासाठी ते बरोबरच होतं.

भाच्याच्या गाडीचा मामला वेगळा. १९८० च्या दशकात क्लिअर कोट सगळीकडे पसरला, म्हणजे खाली रंगाचा पातळ थर आणि वर बिनरंगी थर, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. ऊन अडवणारी द्रव्यं त्याच्यातच असतात. तो जास्त घासला तर परत येत नाही, आणि कोपरे न् कडांवर तर तो आणखीच पातळ असतो. म्हणून आधी आतल्या कोपऱ्यात थोडं पॉलिश लावून बघायचं, फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर जुन्या पद्धतीचा सिंगल स्टेज, म्हणजे वर क्लिअर नसलेला रंग, नाही उतरला तर वर क्लिअर आहे, तिथे बारीक पॉलिशनेच सुरू करायचं, जाड कंपाउंड नाही.

आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की त्या क्लिअरवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटतात, बोअरचं जड पाणी उन्हात वाळलं की पांढरे ठिपके, आणि मे महिन्यात भुसावळचं ऊन तर भो ४५ च्या पुढे. त्यामुळे सकाळी, सावलीत, आधी भरपूर पाणी मारून धूळ काढूनच हात लावायचा.

एक गोष्ट जुन्या लोकांकडे नव्हती ती म्हणजे क्ले, जपानमधून आलेली मातीसारखी वडी. ब्रेकच्या आणि रेल्वेच्या लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात, धुऊन जात नाहीत, ती ओढून काढते, फक्त साबणाचं पाणी मारून अलगद फिरवायची. गरज आहे का ते कळायला धुतलेल्या बॉनेटवर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवायची. भाचा भुसावळला रेल्वे यार्डाजवळच राहतो. त्याने पिशवी घालून हात फिरवला, दोनदा फिरवला, आणि म्हणे मामा, रवा सांडल्यासारखं लागतंय.